घराचं काम काढलंय? भिंतीच्या टाइल्स निवडण्यापासून सांधे भरेपर्यंत

घराचं काम काढलं की पहिली फेरी होते ती शोरूमची. ठाण्यात घोडबंदर रोडवर काय किंवा नवी मुंबईत वाशी-तुर्भे पट्ट्यात काय, आत शिरलं की गुजरातमधल्या मोरबीहून आलेला माल दिव्यांच्या झोतात झळकत असतो आणि तासाभरात मोबाइलमध्ये फोटोंचा ढीग जमतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की ही फेरी लांबणीवर टाका. कोणती टाइल लावायची हे तुमची भिंत ठरवते. ती कशाची बांधलेली आहे, तिला ओल आहे का, तिच्यावर उजेड कुठून पडतो आणि तिच्यापुढे काय होणार आहे, टीव्ही लागणार की फोडणी पडणार. एवढं कळलं की शोरूममधल्या शंभर नमुन्यांपैकी नव्वद आपोआप बाद होतात.

आधी जागा ठरवा

आपल्याकडच्या वन बीएचके, टू बीएचके घरांत हॉल मुळात बेताचाच असतो. तिथे चारही भिंतींना टाइल लावली तर खोली आक्रसते, बोललेलं घुमतं आणि पैसेही उगाच जातात. एका खोलीत एकच भिंत घ्यावी. हॉलमध्ये टीव्हीची भिंत किंवा दारातून आत येताना समोर दिसणारी भिंत, यांपैकी एक. दोन्ही नकोत.

स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत तर हवीच. ओटा आणि वरची कपाटं यांच्यात साधारण दोन फुटांचं अंतर असतं. एक बाय दोन फुटांची टाइल तिथे उभी लावली तर एकाच ओळीत काम होतं आणि मधे आडवा सांधा येत नाही. फोडणीचं तेल आणि हळद सगळ्यात आधी सांध्यातच मुरते, त्यामुळे सांधे जितके कमी तितकं बरं. खडबडीत, उंचसखल नक्षीची टाइल गॅसच्या मागे लावू नका. दिसते देखणी, पण रोज रात्री ती घासायची कोणी?

देवघरामागे फिकट रंगाची, सौम्य चमक असलेली साधी टाइल लावा. समई-उदबत्तीची काजळी ओल्या फडक्याने निघते आणि मागचं शांत असलं की मूर्ती उठून दिसते. जाळीदार नक्षीच्या खाचांत मात्र काजळी बसली की निघत नाही. जेवणाच्या टेबलाजवळ हात धुवायचं बेसिन असेल तर त्यामागे टाइल नक्की लावा. बेडरूममध्ये हवीच असेल तर पलंगाच्या डोक्याशी चार फुटांपर्यंत पुरे. नसली तरी काही अडत नाही.

आणखी एक. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर टाइलचा विचारच सोडा आणि चांगला रंग काढून घ्या. भिंतीची टाइल काढून नव्या घरी नेता येत नाही.

भिंत तपासा, शक्यतो पावसाळ्यात

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणून दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतींवर सगळ्यात जास्त मार बसतो. रंगाचे पोपडे, पांढरा क्षार, कपाटामागचा कुबट वास ही ओलीची ओळख. वरवर काही दिसत नसेल तर ही सोपी तपासणी करा. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढताना प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती हवेतली ओल. हवेतल्या ओलीने टाइलचं काही बिघडत नाही. भिंतीतली ओल मात्र काम वाया घालवते.

“टाइल लावून टाका, ओल झाकली जाईल,” असा सल्ला कोणीतरी हमखास देईल. ऐकू नका. पाणी बंद होत नाही, ते फक्त वाट बदलतं. टाइलच्या वरच्या रंगाला फुगे येतात, नाहीतर भिंतीच्या पलीकडच्या खोलीत डाग उमटतात. पाण्याबरोबर आलेले क्षार सांध्यांतून पांढरे होऊन बाहेर पडतात आणि मागची पकड हळूहळू सैल करतात. म्हणून आधी मूळ शोधा. बाहेरच्या भिंतीची भेग किंवा डक्टमधला गळका पाइप असेल तर सोसायटीला लेखी कळवा. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून फूट-दीड फूट पोपडे येत असतील तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आधी करा. दुरुस्तीनंतर भिंत नीट वाळू द्या आणि प्लास्टिकची तपासणी पुन्हा करा. टाइल बसवायला ऑक्टोबरनंतरचे कोरडे महिने चांगले, पण भिंतीची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच होते.

आता भिंत कशाची आहे ते बघा. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. त्यानंतर वाशी, नेरुळ, बेलापूर भागात उभ्या राहिलेल्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या इमारतींतही साधारणपणे विटांची भिंत आणि वर सिमेंटचं प्लास्टर सापडतं. पोरांची खेळण्यातली लाकडी हातोडी घेऊन सगळी भिंत ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे. ते पाडून नव्याने करावं लागतं. घट्ट प्लास्टर टाइलसाठी उत्तम.

घोडबंदर रोड किंवा खारघरच्या अनेक नव्या टॉवर्समध्ये भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. लोक त्याला मायवान म्हणतात. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली म्हणजे या भिंती इमारतीचा भार पेलतात, त्यामुळे वायरसाठी किंवा नळासाठी त्यांना झिरी मारायची नाही, खोबणी कोरायची नाही. दुसरी म्हणजे काँक्रीट गुळगुळीत असतं आणि त्यावर साच्याच्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. त्यामुळे ते घासून, धुऊन, पृष्ठभाग खडबडीत करून मगच टाइल लावायची.

तिसरा प्रकार जिप्सम प्लास्टरचा. भिंत पांढरी शुभ्र, हाताला मऊ लागते आणि नखाने खरवडली तर पूड निघते. जिप्सम पाणी शोषतं आणि सिमेंटशी त्याचं जमत नाही. जड टाइल लावायची असेल तर त्या भागातलं जिप्सम काढून मूळ भिंतीवर काम करावं हे उत्तम. पुट्टी, डिस्टेंपर, ऑइल पेंट यांच्यावरही टाइल बसवायची नाही. सगळं खरवडून काढायचं. यात एखादा दिवस जातो, धूळ होते, मिस्त्री कुरकुर करतो. तरीही करून घ्याच, कारण नाहीतर टाइलचा सगळा भार त्या रंगाच्या पापुद्र्यावर येतो.

आता टाइल: सिरॅमिक की व्हिट्रिफाइड

दुकानात नावं दहा ऐकाल, पण भिंतीसाठी मुख्य फरक एकच आहे, टाइल पाणी किती पिते. सिरॅमिक वॉल टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. दुकानातच पडताळा घ्या. टाइल उलटी करा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. सिरॅमिकवर थेंब बघता बघता आत मुरतो आणि गडद डाग राहतो. व्हिट्रिफाइडवर तो तसाच उभा राहतो, बोटाने पुसला की टाइल कोरडी.

हाच गुण बसवण्याची पद्धत ठरवतो. सिरॅमिक टाइल सच्छिद्र असल्यामुळे सिमेंटचं पाणी आत घेते आणि सिमेंट तिला धरून ठेवतं. जुन्या घरांतली बाथरूम त्याच पद्धतीची आहेत आणि नीट केलेलं काम अजून टिकून आहे. व्हिट्रिफाइडला सिमेंट धरायला जागाच सापडत नाही, म्हणून ती भिंतीवर लावायची तर टाइल ॲडेसिव्हच (पाण्यात कालवायची तयार चिकट पूड) हवं. ॲडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्याखाली टाइप लिहिलेला असतो. सोबत वापर कुठे करायचा तेही असतं. तुमची टाइल, तिचा आकार आणि तुमची भिंत या तिन्हींचा उल्लेख त्यात असला पाहिजे. वीस किलोची पिशवी तीन मिलिमीटरच्या थराला साधारण ४० ते ५० चौरस फूट पुरते.

आकाराचा मोह आवरा. दोन बाय चारची नऊ मिलिमीटर जाडीची एक व्हिट्रिफाइड टाइल पंधरा किलोच्या आसपास भरते. चार बाय आठचा स्लॅब, म्हणजे एवढी मोठी अखंड टाइल, सुंदर दिसतो, पण तो तुमच्या लिफ्टमध्ये मावतो का, जिन्याच्या वळणावर फिरतो का, हे आधी टेप घेऊन बघा. विनालिफ्टच्या चार मजली इमारतीत तर तो विषयच नको. आपल्या घरांच्या भिंतींना एक बाय दोन आणि दोन बाय चार हे दोन आकार बहुतेक ठिकाणी पुरतात.

उजेड

हे शोरूममध्ये कधीच कळत नाही. तिथले दिवे माल विकण्यासाठी लावलेले असतात. पसंत पडलेल्या दोन-तीन टाइल्स अनामत देऊन घरी आणा, नेमक्या त्या भिंतीशी उभ्या करा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघा.

खिडकीसमोरच्या भिंतीवर ग्लॉसी टाइल लावली तर दिवसभर तिच्यात खिडकीच दिसते. टीव्हीमागे मॅट (बिनचमक) किंवा सॅटिन (सौम्य चमक) टाइलच हवी. इमारती खेटून उभ्या असतील आणि तुम्ही खालच्या मजल्यावर असाल तर उलट करा. उजेड मुळातच कमी, तिथे फिकट ग्लॉसी टाइल खोलीला उजळा देते. थ्रीडी, उठावाच्या टाइल्स हायवेलगतच्या घरांत घेऊ नका. प्रत्येक उंचवट्यावर धूळ बसते आणि वरून दिवा लावला की ती आणखीनच दिसते.

छतातून भिंतीलगत एलईडीचा झोत सोडणार असाल तर मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा. असा उजेड भिंतीला घासून खाली येतो आणि दोन टाइल्समधला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सावली पाडतो. काम चालू असताना दर दोन ओळींनी मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून वरून खाली उजेड पाडा. कडा वरखाली असतील तर तिथल्या तिथे दिसतात आणि ॲडेसिव्ह ओलं असेपर्यंत दुरुस्तही होतात.

माप: कागदावर प्रत्येक तुकडा काढा

दुकानदार चौरस फुटांत हिशेब करतो आणि वर दहा टक्के धरायला सांगतो. लहान टाइलला ते चालतं. मोठ्या टाइलला हा हिशेब फसतो, म्हणून हे उदाहरण सावकाश वाचा.

भिंत १० फूट रुंद, ९ फूट उंच. म्हणजे ९० चौरस फूट. ‘दोन बाय चार’ची टाइल म्हणजे ८ चौरस फूट समजून चालतो, पण तिचं खरं माप ६०० बाय १२०० मिलिमीटर, म्हणजे पावणेआठच. ९० भागिले पावणेआठ, वर दहा टक्के, झाल्या १३ टाइल्स.

आता भिंतीवर त्या उभ्या मांडून बघा. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. पाच टाइल्सचे ३००० आणि मधल्या चार सांध्यांचे प्रत्येकी दोनप्रमाणे ८, एकूण ३००८. उरले ४० मिलिमीटर. कोपऱ्यात दीड इंचाची उभी चिंधी लावावी लागणार, आणि अख्ख्या भिंतीवर नजर तिथेच जाणार. त्याऐवजी मांडणी मधून सुरू करा. मधे चार अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही कडांना साधारण ३१९ मिलिमीटरचा सारखा तुकडा. भिंत दोन्हीकडून सारखी दिसते. फक्त असे दोन तुकडे एका टाइलमधून निघत नाहीत, म्हणून एका ओळीला सहा टाइल्स लागतात. दोन ओळींच्या बारा. वर छताखाली सुमारे ३४० मिलिमीटरची पट्टी उरते. एका टाइलमधून अशा तीन पट्ट्या निघतात, हव्यात सहा, म्हणून आणखी दोन. झाल्या चौदा. फुटतूट आणि पुढे लागतील म्हणून दोन जास्त, म्हणजे सोळा. १३ टाइल्स आणल्या असत्या तर काम मधेच अडलं असतं, आणि दुसऱ्यांदा आणलेल्या मालाची शेड जुळेलच याची खात्री नाही.

कापाकापी टाळायची असेल तर त्या ४० मिलिमीटरच्या जागी कोपऱ्यात लाकडी पट्टी किंवा उभी एलईडी प्रोफाइल घेता येते. हा निर्णय कागदावर घ्या, ॲडेसिव्ह कालवल्यावर नको.

माल घरी आला की सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर जुळवा. एक जरी वेगळा असेल तर खोका न फोडता परत करा.

मिस्त्री येण्याआधी

सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा, डेब्रिज उचलायची व्यवस्था आधी लावून घ्या. शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा, त्याने निम्मे वाद टळतात. घराबाहेरच्या पॅसेजमध्ये, आपल्या दारालगत का होईना, टाइल लावायची तर ती जागा सामाईक आहे. सोसायटीने लेखी परवानगी दिल्याशिवाय हात लावू नका.

इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवा. टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून भिंत बारा-पंधरा मिलिमीटर पुढे येते. स्विचबोर्डची पेटी तेवढी पुढे आणली नाही तर बोर्ड आत बुडतो. दाराची चौकट किती बाहेर आहे तेही बघा. टाइल तिच्याही पुढे आली तर उघडी कड दिसते. टीव्हीचं ब्रॅकेट, शेल्फ, आरसा कुठे येणार त्या खुणा भिंतीवर करून त्यांचा फोटो काढून ठेवा.

बसवताना कुठे लक्ष द्यायचं

फरशीच्या समपातळीवर विश्वास ठेवायचा नाही. चांगला मिस्त्री पाणसळ किंवा लेझर लावून दुसऱ्या ओळीच्या पातळीवर एक सरळ पट्टी ठोकतो, तिथून वर काम चढवतो आणि खालची ओळ शेवटी फरशीप्रमाणे कापून बसवतो. तुमचा मिस्त्री थेट फरशीवरून सुरुवात करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

टाइलच्या मागे भट्टीतून आलेली पांढरी पूड असते. ती ओल्या स्पंजने पुसली नाही तर ॲडेसिव्ह त्या पुडीलाच चिकटतं. ॲडेसिव्हसाठी टाइल पाण्यात भिजवायची नाही. भिजवायची पद्धत सिमेंटने लावायच्या सिरॅमिकसाठी आहे. मिश्रण श्रीखंडाइतकं घट्ट हवं, उभ्या भिंतीवरून ओघळता कामा नये. पाण्याचं प्रमाण पिशवीवर लिहिलेलं असतं, तेवढंच मोजून घालायला लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच गोळ्यांची पद्धत चालू देऊ नका. चार कोपऱ्यांत आणि मधे एकेक गोळा टाकून टाइल दाबली की काम झटपट होतं, पण मागे सगळी पोकळी राहते. पुढे ड्रिल लावताना किंवा धक्का लागल्यावर टाइल तिथेच तडकते आणि ओल्या जागी त्या पोकळीत पाणी साठतं. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढायच्या आणि मोठ्या टाइलच्या मागेही पातळ थर द्यायचा. रेघांवर बोट टेकवून बघा. बोटाला ॲडेसिव्ह लागलं तर ठीक. बोट कोरडंच आलं तर वरती साय धरली आहे, ते खरवडून नवीन लावायचं.

पहिल्या काही टाइल्सपैकी एक, बसवल्या बसवल्या सोडवून घ्या. मिस्त्री म्हणेल, “दादा, कशाला काढता, घट्ट बसलीये.” तरी काढा. मागची बाजू जवळपास पूर्ण भरलेली दिसली पाहिजे, कोपऱ्यांसकट. ही एक टाइल बघितली की पुढची सगळी भिंत कशी होणार ते कळतं, आणि मिस्त्रीलाही कळतं की घरचं माणूस बघतंय. दोन टाइल्समध्ये किमान दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे सारखं अंतर राखणारे प्लास्टिकचे तुकडे, हवेत. सांध्याविना खेटून लावलेल्या टाइल्स सुरुवातीला छान दिसतात, पण भिंत थोडी जरी हलली तर कडा उडतात.

बाहेरचा कोपरा येत असेल तर दोन पर्याय आहेत. कडा पंचेचाळीस अंशांत घासून जोडायच्या किंवा धातूची प्रोफाइल पट्टी लावायची. लहान मुलं असलेल्या घरात मी पट्टीच लावायला सांगेन. घासलेली कड धारदार असते आणि लवकर टवके जातात.

सांधे

चोवीस तास तरी टाइलला हात लावायचा नाही, मग सांधे भरायचे. हॉलच्या भिंतीला सिमेंटचं ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) चालतं. ओट्यामागे आणि बाथरूममध्ये इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट घ्या. महाग पडतं आणि भरणाराही सरावाचा लागतो, पण हळदीचा डाग आत जात नाही. इपॉक्सीचा जादा लेप त्याच वेळी पुसून घेतला पाहिजे, वाळला की निघता निघत नाही. ग्राउटचा रंग टाइलच्या रंगाशी जुळता घेतला तर भिंत सलग आणि मोठी वाटते. वेगळ्या रंगाचं ग्राउट फक्त लहान, विटेच्या आकाराच्या टाइल्सना शोभतं, आणि तेही सांधे एका रेषेत असतील तरच.

ओटा आणि टाइल जिथे भेटतात त्या सांध्यात ग्राउट भरू नका, तिथे सिलिकॉन भरा. दोन वेगळे भाग वेगवेगळे हलतात आणि ग्राउटला भेग जाते.

नंतर

भोक पाडताना टाइलवर चिकटपट्टी लावा, टाइलचं बिट वापरा आणि टाइल आरपार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. पुसायला साधं साबणाचं पाणी पुरतं. ॲसिडने सिमेंटचे सांधे झिजतात, म्हणून ते घरात आणूच नका. उरलेल्या टाइल्स पलंगाच्या पेटीत उभ्या ठेवा आणि खोक्यावरच्या बॅच नंबरची चिठ्ठी फाडून त्याच टाइलच्या मागे चिकटवा.